घरच्या शाळेचे खूळ

गेल्या उन्हाळ्यात गोंदिया शहरी एका सुशिक्षित स्नेह्यांच्या घरी जाण्याचा आम्हांस योग आला. मंडळी अगत्यशील, घर नीटनेटके. परंतु बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताच आपण कोणाच्या घरी आलो आहो की एखाद्या वर्गात शिरलो आहो, असा क्षणभर भ्रम पडला. एका भिंतीवर इंग्रजी वर्णमालेचा तक्ता, दुसरीवर अंकांचा, त्याखाली रंगांचा व आकारांचा; आणि दारामागे सुबक अक्षरांत लिहिलेले वेळापत्रक. सकाळी अर्धा तास अक्षरे, मग अर्धा तास अंक, दुपारी गिरवणे, सायंकाळी उजळणी. हे वेळापत्रक ज्या विद्यार्थिनीचे होते तिचे वय साडेतीन वर्षांचे. चहा येण्यापूर्वी तिला पाचारण झाले व तिने इंग्रजी अक्षरे, इंग्रजी आकडे आणि इंग्रजी महिने घडाघडा म्हणून दाखविले. म्हणता म्हणता तिचे लक्ष उंबरठ्याकडे गेले. तेथे एक मुंगी आपल्याहून मोठी तांदळाची कणी ओढीत चालली होती. मुलगी तत्काळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, ही एवढं मोठं कुठं नेते?" आई म्हणाली, "ते राहू दे. आधी काकांना कलर्स सांग." मुलगी उठली, तिने रंग सांगितले, आम्ही शाबासकी दिली; मुंगीचा प्रश्न तसाच राहिला. त्या शाबासकीबद्दल आम्हांस अजूनही लाज वाटते, आणि तीच या लेखाचे निमित्त आहे.

हे एकाच घरचे चित्र असते तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु हल्ली ज्या ज्या सुस्थितीतील घरी तीन ते सहा वर्षांचे मूल आहे, त्या त्या घरी थोड्याफार फरकाने हाच देखावा दिसतो. २०२० च्या मार्चात साथीमुळे शाळा, बालवाड्या व अंगणवाड्या बंद झाल्या, तेव्हा घरोघरी मुलांस पडद्यापुढे बसवून शिकविण्याची पाळी आली. ती आपत्ती होती. आपत्तीत जे करावे लागते त्याबद्दल कोणासही दोष देता येत नाही. आपत्ती सरली, शाळा उघडल्या, पण घरात मांडलेला वर्ग मात्र पुष्कळांनी आवरलाच नाही. पुढे पुढे तर तो प्रतिष्ठेचा विषय झाला. मूल बालवर्गात जाण्यापूर्वीच त्यास बालवर्गाचा अभ्यास आला पाहिजे आणि पहिलीत जाण्यापूर्वी पहिलीचा, असे एक नवे शास्त्र निर्माण झाले आहे. या शास्त्राचा प्रतिवाद करण्याचे आम्ही योजिले आहे.

या खुळाच्या मुळाशी एक सत्य आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. लहानपणाची पहिली वर्षे अत्यंत मोलाची असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, असे म्हटले आहे. आणि आमच्या पालकवर्गाने त्या धोरणातील दुसरे काही वाचले नसले तरी हा आकडा नेमका पाठ केला आहे. परंतु त्या आकड्यावरून त्यांनी काढलेले अनुमान पाहावे. मेंदू झपाट्याने वाढतो आहे, तेव्हा त्यात जेवढे भरता येईल तेवढे आताच भरून घ्यावे! जणू मेंदू म्हणजे सुगीत भरावयाची कणगी. रोप झपाट्याने वाढते तेव्हा त्यास पाणी, ऊन व मोकळी माती लागते. त्याच्या डोक्यावर पोती रचीत नाहीत, ही गोष्ट धानाच्या मुलखातील माणसास आम्ही सांगावयास नको. ज्या धोरणातील आकडा हे लोक पुढे करतात, तेच धोरण या वयाचे शिक्षण खेळातून व कृतीतून व्हावे असे सांगते, आणि शक्य तेथे किमान पाचव्या इयत्तेपर्यंत घरची भाषाच माध्यम असावी असेही सांगते. आकडा तेवढा घ्यावा आणि उपदेश सोडावा, ही चलाखी झाली.

घरची भाषा म्हटले की आमच्या सुशिक्षित मंडळींस संकोच वाटू लागतो. गोंदिया जिल्ह्यात तर हा संकोच विशेषच दिसतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा मध्यप्रदेश व छत्तीसगढ यांच्या सीमेवर वसलेला आहे. येथे मराठी आहे, झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, हिंदी व छत्तीसगढीही आहे. एकाच मुलाची आजी एका बोलीत बोलते, शेजारीण दुसऱ्या, आणि बाजारात तिसरीच ऐकू येते. तीन-चार वर्षांचे मूल ही सर्व बोलणी विनासायास वेगळी ओळखते, आजीशी एक व दुकानदाराशी दुसरी वापरते. पंडितांस जे वर्षानुवर्षे खटपट करून साधत नाही ते हे बालक अंगणात बसून साधते. आणि आम्ही काय करतो? आजीची बोली 'गावंढळ' म्हणून तिला नातवापाशी बोलताना टोकतो, आणि तिच्या जागी आमचे स्वतःचे, मोडके, चार-दोनशे शब्दांचे इंग्रजी स्थापितो. समृद्ध घर सोडून मुलास जाणूनबुजून झोपडीत राहावयास लावण्याचा हा प्रकार आहे.

एक उदाहरण पुरे आहे. शेतात असते ते धान. भरडल्यावर होतो तो तांदूळ. शिजल्यावर होतो तो भात. मोडलेला दाणा ती कणी, वरचे टरफल ते तूस, आतली भुकटी तो कोंडा. भाजून फुगविले तर मुरमुरे आणि कांडून चपटे केले तर पोहे. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यातील मुलाच्या कानांवर हे सारे शब्द पडतात, आणि प्रत्येक शब्दाबरोबर एकेक क्रिया, एकेक वास, एकेक स्पर्श त्याच्या मनात ठसतो. एका पदार्थाची रूपे कशी पालटतात व रूप पालटले की नाव का पालटते, हे पदार्थविज्ञान आणि व्याकरण ही दोन्ही त्यात आली. आता तक्त्याकडे पाहा. तेथे एक वाटी रंगविली आहे व खाली लिहिले आहे 'राइस'. शेतातलाही राइस, पोत्यातलाही राइस, पानातलाही राइस! आठ शब्दांच्या ठिकाणी एक शब्द देऊन आपण मुलास ज्ञान दिले, असे मानणाऱ्यांस काय म्हणावे? मुलाने इंग्रजी शिकू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ते त्याने अवश्य शिकावे आणि उत्तम शिकावे. परंतु दुसरी भाषा पहिलीच्या खांद्यावर उभी राहते. पहिलीचाच खांदा मोडला तर ती कशावर उभी राहणार?

जी गोष्ट शब्दांची तीच संख्येची. शंभरापर्यंत आकडे म्हणणारे मूल गणित शिकले, अशी समजूत फार रूढ आहे. वस्तुतः आकडे म्हणणे हे स्तोत्र म्हणण्यासारखे आहे. त्यात अर्थ असेलच असे नाही. ज्यांस याची शंका असेल त्यांनी अशा मुलापुढे सात चिंचोके विस्कटून ठेवावे व मोजावयास सांगावे. पुष्कळ मुले एक चिंचोका दोनदा मोजतात, दुसरा वगळतात, आणि तरी शेवटी मोठ्या आत्मविश्वासाने दहा म्हणतात. उलट, रोज जेवणाच्या वेळी पाने मांडणारे मूल पाहावे. बाबांचे एक, आजीचे एक, आत्या आली म्हणून आणखी एक. एका माणसास एक पान, एका पानास एक वाटी. वस्तूस वस्तू जोडण्याची ही क्रिया हाच संख्याज्ञानाचा पाया आहे. तांब्यातील पाणी पसरट वाटीत ओतले तर कमी झालेसे दिसते, पण परत ओतले तर तांब्या पुन्हा तितकाच भरतो, हा शोध लहान मुलास एकदा सांगून पटत नाही, हे झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगांनी दाखवून दिले. ते त्याने स्वतः, अनेकदा, अंगावर पाणी सांडूनच शिकावे लागते. ज्या घरात पाणी सांडले म्हणून मूल मार खाते आणि आकडे चुकले म्हणूनही मार खाते, त्या घरात गणिताचे दोन्ही दरवाजे बंद झाले म्हणावयाचे.

येथे कोणी विद्वान आम्हांस आमच्याच परंपरेचा दाखला देईल. आमगावजवळचे पदमपूर हेच महाकवी भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले; तेव्हा गोंदियाकरांस भवभूतीचा अभिमान असणे योग्यच आहे. त्याच्या उत्तररामचरितात वाल्मीकींनी लवकुशांस चौलसंस्कारानंतर, उपनयनाच्या पुष्कळ आधी, वेदांखेरीजच्या विद्या शिकविल्या असे आले आहे. मग आम्ही आमच्या बाळास लवकर शिकविले तर बिघडले कोठे? दाखला खरा आहे, पण तो अर्धाच वाचलेला आहे. ही हकीकत सांगते ती आत्रेयी नावाची तापसी, आणि ती सांगण्याचा प्रसंग कोणता? ती आश्रम सोडून निघाली आहे! त्या दोन असामान्य बुद्धीच्या मुलांबरोबर आपल्यासारख्यांचे अध्ययन जमत नाही, हे तिने आश्रम सोडण्याचे एक कारण म्हणून सांगितले आहे. कवीस ठाऊक होते की लवकुशांची गती ही लवकुशांची आहे. ती सर्वांचे माप म्हणून लावली की सामान्य बुद्धीच्या पण ज्ञानाची ओढ असलेल्या विद्यार्थ्यास पाठशाळा सोडावी लागते. आपल्या घरी लव आणि कुश जन्मास आले आहेत असे प्रत्येक आईबापांस वाटते, व तसे वाटण्यात काही वावगे नाही. परंतु त्या समजुतीपायी घरोघरच्या आत्रेयी साडेतीन वर्षांच्या वयातच विद्येस कंटाळून निघून जात आहेत, त्याची वाट काय?

आमचे हे म्हणणे निव्वळ भावनेचे आहे असे कोणास वाटू नये, म्हणून अलीकडील काही परीक्षणांचा उल्लेख करतो. न्यूझीलंडमध्ये सबास्टियन सुगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या आणि सातव्या वर्षी शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली; अकराव्या वर्षाच्या सुमारास दोहोंच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, आणि तो देश अडाणी आहे असे अद्यापि कोणी म्हटलेले नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात सरकारी बालवर्गांत प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुले व ज्यांची चिठ्ठी निघाली नाही अशी मुले, यांची पुढे कित्येक वर्षे पाहणी झाली. २०२२ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की सहावीच्या परीक्षेत बालवर्गात गेलेलीच मुले मागे होती. यावरून सर्व बालवर्ग घातक आहेत असे अनुमान काढणे चूक होईल व आम्ही तसे काढीत नाही. इतकेच निश्चित म्हणता येते की 'लवकर' आणि 'चांगले' हे दोन शब्द समानार्थी नाहीत.

मग पहिल्या वर्षांत काहीच करावयाचे नाही काय? असे ज्यांस वाटते त्यांनी जमैकाचा वृत्तांत लक्षात घ्यावा. तेथे किंग्स्टन शहरात १९८६-८७ च्या सुमारास, कुपोषणामुळे वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी एक प्रयोग केला. त्यांपैकी काही मुलांच्या घरी एक आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाई आणि आईस व मुलास बरोबर घेऊन खेळे. खेळणी टाकाऊ वस्तूंपासून घरीच केलेली. मुलाशी बोलावे कसे, वस्तूंची नावे सांगावी कशी, त्याने काही केले की त्यास दाद द्यावी कशी, हे ती आईस दाखवी. दोन वर्षे हा क्रम चालला. वीस वर्षांनी ती मुले मोठी झाल्यावर पाहिले, तो त्यांची कमाई तशाच स्थितीतील इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. हेही घरचेच शिक्षण होते. पण त्यात तक्ता नव्हता, वेळापत्रक नव्हते, उजळणी नव्हती. आई, मूल, बोलणे आणि खेळणे, एवढेच भांडवल. घरचे शिक्षण म्हणून आम्ही ज्याचा पुरस्कार करतो ते हे.

आता आमच्यावरील आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. "तुमचे म्हणणे ठीक, पण शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलास विचारतात, त्याचे काय?" २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास बंदी केली आहे. त्याही आधी, १९९३ साली, प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा व मुलाखती घेणे बंद करावे, आणि कोवळ्या मुलांवर वाचन, लेखन व अंकगणित लादण्याचा अतिरेक थांबवावा, असे स्पष्ट सुचविले होते. तेव्हा ज्या ठिकाणी अशी परीक्षा होत असेल तेथे पालकांनी कायद्यावर बोट ठेवून उभे राहावयास हवे. ते न करता आम्ही रात्र रात्र जागून मुलाची तयारी करून घेतो, व मग बाहेर येऊन संस्थाचालकांस नावे ठेवितो. ग्राहक जोवर रांगेत उभा आहे तोवर दुकानदार आपला माल का बदलील?

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. "आम्ही दोघेही नोकरी करतो, मुलाशी खेळत बसावयास वेळ कोठून आणावा?" या आक्षेपात तथ्य आहे, आणि घरच्या शिक्षणाचा सर्व भार आईच्या माथी मारून मोकळे होणाऱ्या पुरुषवर्गास आम्ही येथे दोन शब्द सुनावू इच्छितो. वेळापत्रक लिहिते आई, गिरवून घेते आई, मुलास आले नाही तर बोलणी खाते तीही आई; वडिलांचे काम म्हणजे पाहुण्यांपुढे मुलास उभे करणे. या जिल्ह्याच्या तळ्यांकाठी व बांध्यांतून सारस पक्षी अजून दृष्टीस पडतात. महाराष्ट्रात ते आता जवळजवळ येथेच उरले आहेत. त्यांचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात चालू लागते व महिनोन्‌महिने आईबाप दोघांच्या मागून हिंडून आपले अन्न शोधावयास शिकते. नर आपल्या वाट्याचे अर्धे काम मादीवर टाकून बसत नाही. आणि वेळाचे म्हणाल, तर आम्ही निराळा वेळ मागतच नाही. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, बाजारात जाताना, दिवे गेले असता अंधारात बसून, मूल आपल्याबरोबर असू द्यावे आणि त्याच्याशी बोलावे. ज्या घरी हा वेळ नाही त्या घरी मुलाच्या हाती फोन देण्यास मात्र वेळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन वर्षांखालील मुलांस पडदा दाखवूच नये व पुढे चार वर्षांपर्यंत दिवसास एका तासाहून अधिक दाखवू नये. आमच्या घरांत हा तास मुलाच्या एका जेवणातच संपतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो आमच्या प्रतिपक्षाने घेतलेला नसून आमचा आम्हीच घेत आहो. घर हीच खरी बालशाळा, हे म्हणणे सुखवस्तू माणसास सोपे आहे. आषाढात रोवणीच्या दिवसांत जी बाई पहाटेपासून गुडघाभर चिखलात वाकून परे लावते, किंवा उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडून त्यांचे मुडे बांधते, तिला 'आपल्या बाळाशी दिवसभर बोलत जा' असे सांगणे ही थट्टा होईल. तिच्या मुलासाठी घराबाहेर एक घर हवे. हे ज्या दोन बायांनी ओळखले त्यांचे स्मरण येथे केले पाहिजे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, अनुताई वाघ यांच्या साह्याने खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी त्यांस दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुले गुरांमागे जाऊ लागली, तर शाळा कुरणात नेली. माती, पाने, बिया, शिंपले हीच साधने केली. मोठमोठ्या शहरांतील महागडी साधने नसतानाही मूल शिकते, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांस जे नाव मिळाले ते अंगणवाडी. अंगण म्हणजे घराचाच भाग. घर आणि शाळा यांचा झगडा त्या नावातच मिटविलेला आहे.

या अंगणवाडीकडे आमचा सुशिक्षित वर्ग कोणत्या दृष्टीने पाहतो? ती गरिबांची, खिचडीची, आपल्या मुलास न शोभणारी! गावात, आळीत अंगणवाडी असते. आपल्या घराच्या भिंतीपलीकडेच वीस मुले गाणी म्हणत असतात. आणि भिंतीच्या अलीकडे आमचे एकुलते बाळ तक्त्यापुढे एकटे बसलेले असते. त्यास अक्षरांची उणीव नाही, सवंगड्यांची आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क अजून कायद्याने मिळालेला नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस तो दिला. त्याहून लहानांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच सांगून ती थांबली. शिक्षणहक्क कायद्यातही त्यांची तरतूद सरकारच्या मर्जीवरच सोडली आहे. ज्या गोष्टीत समाजातील बोलक्या वर्गाचे मूल नसते त्या गोष्टीकडे सरकारचे लक्ष जात नाही, हा आपला नित्याचा अनुभव आहे. सेविकेस मानधन किती मिळते, खोलीचे छप्पर गळते की काय, खेळणी आहेत की कुलपात आहेत, याची विचारपूस आमचे मूल तेथे दोन तास जाऊ लागेल त्या दिवशी आपोआप सुरू होईल. तेव्हा घरातला वर्ग मोडणे ही केवळ आपल्या मुलावर दया नव्हे. शेजारच्या मुलाविषयीचे ते आपले कर्तव्यही आहे.

कोणी विचारील, मग घरी करावे तरी काय? आमचे उत्तर अगदी साधे आहे. मुलास सूप द्यावे आणि पाखडू द्यावे. निम्मे दाणे खाली पडतील, पडू द्यावे. तेच बोटांचे स्नायू पुढे लेखणी धरणार आहेत. आजीस तिच्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी, आणि तीच गोष्ट मुलाने दहाव्यांदा मागितली तर दहाव्यांदा सांगावी. पावसाळ्यात नवेगावबांधच्या किंवा आपल्या गावच्या मालगुजारी तळ्यावर न्यावे व पाणी कोठून येते, कोठे जाते हे पाहू द्यावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्यास, त्याचा लाकडी बैल त्यासच सजवू द्यावा, आणि तो ओढीत चार घरी त्याचे त्यास जाऊ द्यावे. बैलाची चाके का अडतात, कोणाच्या घरी काय म्हणावे, मिळालेली नाणी किती झाली, हा एका सकाळचा अभ्यास वर्षभराच्या गिरवण्याहून अधिक आहे. चित्रांची पुस्तके आणावी, मांडीवर घेऊन वाचावी. मुलाने स्वतः होऊन अक्षर विचारले तर आनंदाने सांगावे, न विचारले तर वाट पाहावी. आणि मुलाने प्रश्न विचारला तर हातातले काम ठेवून त्याच्या शेजारी बसावे.

आमच्या त्या स्नेह्यांच्या घरी पुन्हा जाण्याचा योग येईल तेव्हा रंग विचारावयाचे नाहीत, असे आम्ही ठरविले आहे. ती मुंगी कणी घेऊन कोठे जाते हे त्या मुलीस आम्ही विचारू, आणि तिला ठाऊक नसेल तर तिचे आईवडील व आम्ही मिळून, उंबरठ्यापासून वारुळापर्यंत, तिच्यामागून जाऊ.